केलेलं जाणायचं म्हणजे काय



आज आभाराविषयी बोलू या. 'आभार' हा शब्द आपल्या घरात फारसा चालत नाही. आईला, सासूला, जावेला आपण आभार म्हणत नाही. म्हटलं तर समोरची विचारते, "काय गं, परकी समजतेस का?" हा शब्द सभेच्या शेवटी येतो. माइकवर कुणी आभारप्रदर्शनाला उभं राहिलं की निम्म्या बाया चपला शोधायला लागतात.

तरी अलीकडे ही गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. रोज झोपताना आपल्याला लाभलेल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा, मन शांत होतं, असं प्रशिक्षणात सांगतात. सांगणं खोटं नाही. अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ या दोन अभ्यासकांनी २००३ साली आपला अभ्यास छापला. काही लोकांना त्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, अशा गोष्टी लिहायला लावल्या होत्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा या लोकांना आपलं आयुष्य जास्त बरं वाटलं.

पण वही घेतलेल्या बाईला विचारा. पहिल्या दिवशी ती लिहिते: देव, घर, लेकरं. दुसऱ्या दिवशी लिहिते: लेकरं, घर, देव. पाचव्या दिवशी वही दळणाच्या डब्याखाली जाते. मग या रिवाजात जीव कसा यायचा? आम्हाला वाटतं, याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या राहुरी तालुक्यातल्या ताहराबादला जाऊ.

त्याआधी एक शब्द बघू. उपकार जाणणाऱ्याला 'कृतज्ञ' म्हणतात. कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. त्याच्या उलट 'कृतघ्न', म्हणजे केलेल्याचा घात करणारा. या शब्दात हात जोडणं नाही, डोळे मिटणं नाही. कुणी काय केलं ते ठाऊक असणं, एवढंच त्यात आहे. ठाऊक नसेल तर नुसता नमस्कार उरतो.

आता ताहराबादची गोष्ट. तिथे १७१५ साली महिपतींचा जन्म झाला. घराण्याकडे गावचं कुलकर्णीपण होतं, म्हणजे गावचा हिशोब, जमिनीची नोंद, सारा, वसुली. लेखणी घरातच होती. आख्यायिका अशी आहे, की महिपती पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा आटोपून येतो म्हटलं तर तो ऐकेना. महिपती गेले, काम पुरं केलं आणि परत येऊन ठरवलं, की यापुढे ही लेखणी संतांच्या कथेखेरीज कशालाही लावायची नाही. ही आख्यायिका आहे, ती तशीच घेऊ. लेखणीतून जे उतरलं ते मात्र आपल्या समोर आहे. 'भक्तविजय' १७६२ साली पुरा झाला आणि 'भक्तलीलामृत' १७७४ साली. आणखीही ग्रंथ आहेत. १७९० साली महिपती गेले.

भक्तविजयाचे सत्तावन्न अध्याय आहेत. त्यात ज्ञानेश्वर, नामदेव आहेत. गोरा कुंभार, सावता माळी, चोखामेळा, सेना न्हावी आहेत. जनाबाई आणि कान्होपात्रा आहेत. महाराष्ट्राबाहेरचे कबीर, मीराबाई, रोहिदास, नरसी मेहतादेखील आहेत. गोरोबा माती तुडवतात, सावतोबा मळा राखतात, जनी दळते. ज्याचं जे काम, ते नावासकट आणि गावासकट लिहिलेलं आहे. पुढे दीडशे-दोनशे वर्षं गावोगावच्या देवळात आणि ओसरीवर ही पोथी लावली गेली. ज्या बायांना अक्षर येत नव्हतं त्यांनी ती कानांनी पाठ केली. आज जनाबाईची गोष्ट आपल्या घरातल्या लेकराला माहीत आहे, त्यात ताहराबादच्या या लेखणीचा मोठा वाटा आहे.

ग्रंथाच्या सुरुवातीलाच महिपती एक गोष्ट सांगतात. या कथा मी माझ्या मनाने रचलेल्या नाहीत, असं ते म्हणतात. उत्तरेकडे नाभाजींनी आणि मराठीत उद्धवचिद्घन यांनी संतांची चरित्रं आधी लिहिली होती. त्या दोघांची नावं घेऊन, त्यांच्यावरून मी हे जुळवलं, असं ते सांगून टाकतात. हे सांगितलं नसतं तर ताहराबादेत कुणाला कळणार होतं? तरी त्यांनी सांगितलं. आपल्या हातात आलेली वस्तू आधी कुणाच्या हातात होती, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

अशी रीत आपल्या जिल्ह्यात महिपतींच्याही आधीची आहे. शेजारच्या नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. तिच्या शेवटी शक आहे, ठिकाण आहे आणि ती लिहून घेणाऱ्याचं नावही आहे. ते सच्चिदानंदबाबा. सांगणारे ज्ञानेश्वर, पण बसून लिहून घेणाऱ्याचे कष्टही तिथे नोंदवलेले आहेत.

सख्यांनो, आपल्या वहीसाठी पहिला धडा हाच घ्यावा. 'घर मिळालं, धन्यवाद' असं न लिहिता नाव लिहायचं. कुणी काय केलं, कधी केलं, तेही लिहायचं. 'लेक शिकली' असं लिहिण्यापेक्षा 'लेकीच्या दहावीच्या परीक्षेत धाकट्या जावेने दोन आठवडे पहाटेच्या धारा काढल्या' असं लिहून बघा. दुसरं वाक्य लिहिताना मनात काहीतरी हलतं. शिवाय अशी वही संपत नाही, कारण दर दिवशी कुणीतरी वेगळं काहीतरी केलेलं असतं.

दुसरा धडा एका भाकरीत आहे. भक्तलीलामृतात तुकाराम महाराजांचं सविस्तर चरित्र आहे. महाराज डोंगरावर भजनात बसत आणि त्यांची पत्नी जिजाबाई, म्हणजे आवली, घरचं आवरून भाकर घेऊन त्यांना शोधत डोंगर चढे. एकदा तिच्या पायात काटा रुतला आणि स्वतः विठ्ठलाने येऊन तो काढला, अशी कथा आहे. आवलीला आपण भांडखोर बाई म्हणून ओळखतो. पण ही कथा नीट ऐका. देव काटा काढायला कुणाच्या पायाशी बसला? भाकर घेऊन उन्हात चालणाऱ्या बाईच्या.

भाकरीचे आभार मानणं सोपं असतं. भाकर आणणारीच्या पायातला काटा दिसणं अवघड असतं. म्हणून वहीत नाव आणि काम लिहिलं की तिसरी गोष्ट लिहायची: हे करताना तिला काय पडलं. तिची झोप गेली का? तिचा रोज बुडाला का? माहेरच्या लग्नाला तिला जाता आलं नाही का? हे ठाऊक नसेल तर जाऊन विचारायचं. आभाराची वही नुसती लिहायची नसते, ती विचारायचीही असते.

जनाबाईच्या कथेत याच्या पुढची पायरी आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनीला दळण सरेना, तेव्हा विठ्ठल येऊन तिच्याबरोबर दळायला बसला. जनी, तू किती छान दळतेस, असं म्हणून तो निघून गेला नाही. त्याने खुंट्याला हात लावला. जात्यावर दोघी बसल्या की दळण किती हलकं होतं, हे ज्या बायांनी दळलंय त्यांना सांगायला नको. वहीत चौथी गोष्ट हीच यावी: आता माझा हात कुठे लावू? जावेने पहाटेच्या धारा काढल्या असतील तर तिच्या बाळंतपणात आपला हात कुठे लागेल, तेवढं लिहून ठेवायचं.

जात्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आभाराचा रिवाज आपल्याला बाहेरून शिकावा लागत नाही. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओव्या मोजून वाही. पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला, तिसरी कुणाला, असं क्रमाने चाले. देव येई, आईबाप येत, भाऊ येई, लेकरू येई, शेजीण येई. वैरणीची मूठ आणि ओवी यांची संगत असे. महिपतींनी ग्रंथ लिहिले तेही ओवीतच. पोथीतल्या ओवीचं माप वेगळं आणि जात्यावरच्या ओवीचं वेगळं, पण नाव एकच.

पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. हातांचे कष्ट वाचले हे फार चांगलं झालं, त्याबद्दल कुणी हळहळू नये. पण ओव्यांची जागा गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइट्वां या दोघांनी हे वेळेवर ओळखलं. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या नुसत्या ओव्या म्हणून ठेवल्या नाहीत. गाणारीचं नाव, गाव आणि तालुका त्यांच्यासोबत नोंदवला. महिपतींनी संतांसाठी जे केलं तेच इथे दळणाऱ्या बायांसाठी झालं.

आता एक कडू गोष्ट बोलायला हवी, कारण आभाराच्या नावाखाली बाईला गप्पही बसवलं जातं.

"उपकार मान, तुला घरात ठेवलंय." "उपकार मान, शिकू दिलं." हे आपल्यातल्या अनेकींनी ऐकलंय. उपकार आणि हक्क यांची गल्लत केली की आभार हे ओझं होतं. जुन्या गावगाड्यात हेच होतं. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग यांनी वर्षभर गावाचं काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घ्यायचं. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात या व्यवहाराचं सविस्तर वर्णन आहे. बलुतं ही कामाची मजुरी होती. पण खळ्यावर घेणारा वाकून उभा राही आणि देणारा दात्यासारखा. कष्टाचा मोबदला दानासारखा दिला की घेणाऱ्याची मान खाली जाते.

आज आपल्या घरात हे कुठे दिसतं? भाऊबीजेला भाऊ साडी घेतो. ती मायेची असते, तिचं नाव वहीत जरूर लिहावं. पण त्याच आठवड्यात हक्कसोडपत्रावर सही मागितली आणि 'भावाने एवढं केलं, मग मी कसं नाही म्हणू' असं वाटून सही झाली, तर तिथे आभाराने हक्क गिळला. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली आणि २००५ साली ती देशभर झाली. वाटा घ्यायचा की सोडायचा हे जिचं तिने ठरवावं. पण साडीचा हिशोब साडीशी आणि सातबाराचा सातबाराशी. दोन्ही एका पानावर लिहू नयेत.

इथे पुन्हा तुकाराम महाराजांची गोष्ट उपयोगी पडते. घरात सावकारी होती. १६३० सालच्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे त्यांनी घरातली कर्जखतं बाहेर काढली. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. त्याला प्रपंच करायचा होता, त्याची वाटणी त्याला. आपल्या वाट्याची निम्मी त्यांनी इंद्रायणीत सोडली. लोकांनी आपलं काय देणं आहे ते त्यांनी बुडवलं आणि भावाचा हक्क मात्र चोख दिला.

आपल्या वहीलाही हा नियम लावता येतो. दुसऱ्यांनी आपल्यासाठी काय केलं ते लिहायचं. 'मी तुझ्यासाठी एवढं केलं' याची खतं ठेवायची नाहीत, सुनेवर नाही आणि लेकावर नाही. आणि जे हक्काचं आहे, मजुरी, वाटा, रेशन, गटातलं कर्ज, ते हक्क म्हणूनच मागायचं.

आता जिथून घाई सुरू होते तिथे येऊ.

पावसाळ्यात गावचा पाझर तलाव भरला की आपण ओटी भरतो, नारळ वाढवतो. चांगली गोष्ट आहे. पण तो तलाव कुणी खोदला? नगर जिल्ह्यात आणि महाराष्ट्रभर असे कितीतरी तलाव, नालाबांध आणि रस्ते १९७२च्या दुष्काळातले आहेत. विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली आणि माणसं दुष्काळी कामावर गेली. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यात बाया फार मोठ्या संख्येने होत्या. त्यांनी खडी फोडली, माती वाहिली, तान्ही लेकरं बांधाच्या कडेला झोळीत टाकून घमेली उचलली. खायला मिलो ज्वारी आणि सुकडी असे.

त्यांच्या त्या कष्टांतून पुढे एक कायदाही उभा राहिला. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि तो १९७९ पासून लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी ठरली. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर घेतला गेला. २००५ साली देशानेही असा कायदा केला. काम मागणं हा उपकार न राहता हक्क झाला, त्यामागे खडी फोडणाऱ्या बायांचे हात आहेत.

पागे यांचं नाव पुस्तकात आहे. तलावावर पाटी असेल तर उद्घाटन करणाऱ्याचं नाव तीवर असेल. घमेलं उचलणारीचं नाव कुठेही नाही. ज्या तेव्हा विशीत होत्या त्या आज सत्तरी ओलांडून गेल्यात. काही आपल्याच घरात खाटेवर आहेत. दर वर्षी त्यातल्या काही जातात आणि आपल्या पायाखालचा बांध कुणी घातला ते सोबत घेऊन जातात.

मुळा धरणाचंही तसंच. बारागाव नांदूरजवळच्या या धरणात २६ टीएमसी पाणी मावतं. त्याच्या कालव्यांवर राहुरी, नेवासा आणि पुढच्या भागातली शेतं हिरवी होतात. आपण पाटाला पाणी आलं म्हणून हात जोडतो. पण धरणाच्या पोटात ज्यांच्या जमिनी आणि वस्त्या गेल्या, त्यांची घरं आज कुठे आहेत? त्यातली एखादी आजी आपल्याच गटातल्या कुणाची सासू असेल. तिच्या बुडालेल्या चुलीवर आपला ऊस उभा आहे, हे ठाऊक असणं म्हणजे कृतज्ञता. तिच्या पुनर्वसनाचा कागद कुठे अडकला असेल तर तो सोडवायला सोबत जाणं, ही तिची चौथी ओळ.

म्हणून आम्ही आमच्या गटात एक साधी रीत धरली आहे. महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे जमा होऊन सह्या झाल्या की वेगळी वही निघते. एका बाईची पाळी असते. ती चार ओळी सांगते आणि जिला लिहिता येतं ती लिहून घेते. कुणी केलं. काय केलं, कधी केलं. तिला काय पडलं. आता आपण काय करायचं. रोज लिहायचा आग्रह नाही. महिन्यातून एकदा, पण विचारून आणि खात्री करून. ज्या आजींविषयी लिहिलं, त्यांच्याकडे जाऊन ते वाचून दाखवायचं. चुकलं असेल तर त्या दुरुस्त करतात.

ऐकताना त्या आधी म्हणतात, "त्यात काय एवढं? सगळ्याच करत होत्या." मग हळूहळू सांगायला लागतात. मुकादम रोज कसा मांडायचा, पाणी किती लांबून आणायचं, कुणाचं लेकरू कुणी पाजलं. आपण जिला फक्त 'अमक्याची आई' म्हणून ओळखत होतो तिचं स्वतःचं नाव त्या दिवशी वहीत येतं. नव्या सुनांना तर गाव नव्याने दिसतं. रोज ज्या बांधावरून त्या जातात तो बांध कुणाच्या तरी हातचा आहे, हे त्यांना कळतं.

याने घरातली सगळी भांडणं मिटतील असं आम्ही सांगत नाही. पण ज्या बाईला आपल्यामागे कोण कोण उभं होतं हे ठाऊक असतं, ती सहज घाबरत नाही आणि सहज माजतही नाही.

तेव्हा हा लेख वाचून झाला की एक काम करा. गावातल्या एका आजीकडे जा. जाताना हातात भाजीची पेंढी, दूध, जे असेल ते न्या. विचारा, "आजी, बहात्तर साली तुम्ही कुठल्या कामावर होतात?" मग गप्प बसून ऐका. नाव लिहा, गाव लिहा, काम लिहा. माहेरचं नावही विचारा, ते सहसा कुणी विचारत नाही. पुढच्या बैठकीत ती चार ओळींची नोंद मोठ्याने वाचा.

संतांच्या कथा लिहून ठेवायला ताहराबादेत एक महिपती होते. दुष्काळात माती वाहिलेल्या आपल्या आज्यांसाठी प्रत्येक गावात एक वही हवी, आणि ती आपणच धरायची आहे.

राम राम.